नावावर भुलू नका, भागाकार करा!

अप्रेझल झालं, इन्क्रिमेंटचं लेटर हातात पडलं, की ऑफिसच्या कँटीनमध्ये दोन प्रकारची मंडळी दिसायला लागतात. एक, एसआयपी वाढवणारी. दुसरी, नवा गेमिंग पीसी असेंबल करणारी. पहिल्या मंडळींना सल्ला द्यायला जग टपलेलंच असतं. आजचं हे पान दुसऱ्यांसाठी!

गेमिंग पीसीचं कोटेशन आलं की नजर एकाच ओळीवर अडकते. प्रोसेसर ठीक, रॅम ठीक, कॅबिनेटही ठीक... आणि ग्राफिक्स कार्ड? बाप रे! बहुतेक कोटेशनांत सगळ्यात मोठा आकडा याच ओळीत असतो. साहजिकच सगळ्यात जास्त सल्लेही याच ओळीवर मिळतात. "एवढ्या बजेटमध्ये बेस्ट कुठलं?" असं चार जणांना विचारा, पाच उत्तरं येतील. कारण प्रश्नच अर्धा आहे. कुठल्या स्क्रीनवर? कुठल्या गेमसाठी? किती वर्षं?

कार्ड बनवणाऱ्यांना हा अर्धा प्रश्न जाम आवडतो. त्याचं उत्तर एका चकचकीत नावात देता येतं. पैसा वसूल कार्ड मात्र नावावरून कळत नाही, त्याला भागाकार लागतो. तुमचा खर्च भागिले तुम्हाला खरोखर मिळणारा खेळ. बस्स, एवढाच फंडा! फक्त भागाकाराच्या वर आणि खाली काय लिहायचं, ते नीट समजून घेऊ.

पूर्वी हे गणित करायची गरज कमी पडायची. एनव्हिडियाचं ८८०० जीटीएक्स नोव्हेंबर २००६ मध्ये ५९९ डॉलरला आलं. वर्षभरातच, ऑक्टोबर २००७ मध्ये, ८८०० जीटी आलं आणि सुमारे २५० डॉलरमध्ये जवळपास तेवढाच वेग देऊन गेलं. थोडं थांबलं की जास्त मिळायचं. आता बघा. ३०६० टीआय डिसेंबर २०२० मध्ये ३९९ डॉलरला आलं आणि ४०६० टीआय मे २०२३ मध्ये त्याच ३९९ डॉलरला. अडीच वर्षांनी, त्याच किमतीत वेगात जेमतेम वाढ! नवं आलं म्हणजे आपोआप स्वस्त आणि मस्त, हे दिवस गेले. आता हिशेब आपला आपणच करायचा.

आधी मॉनिटरकडे बघा

कार्ड चित्रं काढतं. सेकंदाला ६० चित्रं काढली तर ६० फ्रेम, म्हणजे प्रत्येक चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. त्या प्रत्येक चित्रात किती ठिपके रंगवायचे, ते तुमचा मॉनिटर ठरवतो. १०८०पी म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके. १४४०पीला होतात ३६ लाख ८६ हजार. आणि फोर-के म्हणजे थेट ८२ लाख ९४ हजार, १०८०पीच्या बरोबर चौपट! त्यामुळे "हे कार्ड कसं आहे?" या प्रश्नाला स्क्रीन कळल्याशिवाय उत्तरच नाही.

दुसरी गोष्ट हर्ट्झची. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० चित्रंच दाखवू शकतो. कार्ड आत १४० फ्रेम काढत असेल तर कंट्रोल थोडे चपळ वाटतील, पण वरची चित्रं पुरती दिसणारच नाहीत. म्हणजे त्यांचे पैसे तुम्ही भरले आणि डोळ्यांना मिळालं काहीच नाही. मॉनिटर बदलायचा विचार असेल तर तो आधी पक्का करा. कार्ड त्याच्या मागून येऊ दे.

तिसरी गोष्ट, खेळता काय? रात्री दहाला दोस्तांबरोबर व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ आणि बाकी काही नाही, असा मामला असेल तर मोठं कार्ड ही उधळपट्टी आहे. हे गेम बऱ्याचदा कार्डापेक्षा प्रोसेसरवर अडतात. पण 'सायबरपंक २०७७' किंवा 'ॲलन वेक २' सारखी शहरं आणि जंगलं फिरायची असतील, तर कार्डाचा खरा कस लागतो.

एक नाव, दोन चवी

एकाच नावाच्या मिसळवाल्याच्या दोन शाखा. पाटी तीच, रस्सा वेगळा. ग्राफिक्स कार्डांत हे सर्रास चालतं.

जीटी १०३० हे छोटं कार्ड २०१७ मध्ये आलं, तेव्हा त्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी वेगाने माहिती द्यायची. २०१८ मध्ये त्याच नावाने दुसरं आलं, साध्या डीडीआर४ मेमरीचं. वेग १६.८ जीबी, म्हणजे जवळपास एक तृतीयांश! जीटीएक्स १०६० चंही तेच. ६ जीबीच्या कार्डात १२८० कोअर आणि ३ जीबीच्या कार्डात ११५२. वाटतं फक्त मेमरी कमी आहे, पण चिपसुद्धा कापलेली. आरटीएक्स ३०६० आधी १२ जीबीचं आलं. मागून आलेल्या ८ जीबीच्या भावंडाचा मेमरीचा वेग सेकंदाला ३६० जीबीवरून २४० वर उतरला होता. २०२२ मध्ये तर आरटीएक्स ४०८० च्या नावाखाली १२ आणि १६ जीबीची दोन वेगवेगळी कार्डं जाहीर झाली. इतकी बोंबाबोंब झाली की १२ जीबीचं कार्ड बाजारात यायच्या आधीच एनव्हिडियाने मागे घेतलं. तेच पुढे जानेवारी २०२३ मध्ये ४०७० टीआय हे नाव लावून आलं.

लॅपटॉपमध्ये तर विचारूच नका. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६३८४ कोअर आणि २४ जीबी मेमरी, तर लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९७२८ कोअर आणि १६ जीबी. नाव मात्र सेम टू सेम!

म्हणून नाव वाचून झालं की तीन गोष्टी वाचायच्या. मेमरी किती, कुठल्या प्रकारची, आणि तिचा वेग किती. दुकानदाराने "सर, दोन्ही एकच आहे" म्हटलं, तरी वाचायच्या.

आठ की सोळा?

सध्याचा सगळ्यात महागात पडणारा घोळ इथे आहे. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी जून २०२५ मध्ये आलं. ८ जीबीचं २९९ डॉलर, १६ जीबीचं ३४९. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय एप्रिल २०२५ मध्ये आलं. ८ जीबीचं ३७९, १६ जीबीचं ४२९. दोन्हीकडे फरक ५० डॉलरचा. मोह होतो, की वाचवूया ना एवढे!

पण ती मेमरी करते काय, ते बघा. गेममधल्या भिंती, कपडे, चेहरे, गवत या सगळ्यांचे पोत, म्हणजे टेक्स्चर्स, कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत ठेवलेले असतात. ओट्यावर मसाल्याचा डबा असतो तसे, हात घातला की हजर. मेमरी भरली की उरलेला माल पीसीच्या रॅममध्ये जातो. मग प्रत्येक वेळी चिमूटभर हळदीसाठी वाण्याकडे पळायचं!

ही पळापळ किती मोठी? ५०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी देते. पण हे कार्ड मदरबोर्डाशी आठच लेनने जोडलेलं आहे. तुमचा मदरबोर्ड जुना, पीसीआय एक्सप्रेस ३.० चा असेल, तर त्या रस्त्याने सेकंदाला सुमारे ८ जीबीच येतात. पन्नासपटीहून जास्त फरक! यातली खरी गोम अशी, की पैसे वाचवायला ८ जीबीचं कार्ड घेतो तो बहुतेकदा जुन्याच पीसीत बसवायला. आणि मेमरी भरल्यावर सगळ्यात जास्त मार त्यालाच बसतो.

हा मार सरासरी फ्रेमच्या आकड्यात दिसत नाही, हे आणखी वाईट. सरासरी ७० दिसते, पण ऐन धुमश्चक्रीत चित्र क्षणभर थिजतं आणि तुमचा गेम ओव्हर! रिव्ह्यू वाचताना सरासरीच्या शेजारचा 'एक टक्का लो' हा आकडा बघायचा तो यासाठी. सगळ्यात वाईट क्षणी कार्ड कसं वागतं, ते तिथे कळतं.

शिवाय मेमरी पुरेशी असेल तर टेक्स्चर्स सगळ्यात वर ठेवले तरी वेग फारसा उतरत नाही. चित्र सुंदर करण्याचा हा सगळ्यात स्वस्त उपाय. ८ जीबीवाल्याला नेमका तोच सोडून द्यावा लागतो.

आता पेन काढा

समजा, तुमच्या आवडत्या गेममध्ये, तुमच्याच रिझोल्यूशनला, तीन कार्डं अशी चालतात. पहिलं २८ हजारांचं, ७० फ्रेम. दुसरं ३६ हजारांचं, ८० फ्रेम. तिसरं ६० हजारांचं, १२० फ्रेम. आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, दुकानात जाऊन भांडू नका!

भागाकार केला तर एका फ्रेमला पहिलं ४०० रुपये, दुसरं ४५०, तिसरं ५००. पहिलं जिंकलं? थांबा.

तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तिसऱ्याच्या १२० पैकी ६० फ्रेमच तुम्हाला दिसणार. म्हणजे एका फ्रेमला १००० रुपये. तिसरं बाद. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर मात्र तिसऱ्याचा विचार करायला हरकत नाही. कार्ड तेच, किंमत तीच, पण मॉनिटर बदलला आणि उत्तर बदललं.

आता वर्षांनी भागा. समजा, पहिलं ८ जीबीचं आहे आणि दोन वर्षांत नव्या गेमना अपुरं पडायला लागलं. वर्षाला पडले १४ हजार. दुसरं १६ जीबीचं आहे आणि चार वर्षं निभावलं. वर्षाला ९ हजार. जे दुकानात आठ हजारांनी महाग होतं, ते घरात वर्षाला पाच हजारांनी स्वस्त निघालं! विकताना १६ जीबीला गिऱ्हाईक पटकन मिळतं, हा बोनस वेगळाच.

ही फ्रेम खरी का?

भागाकाराच्या खालचा आकडा फुगवायची एक नवी युक्ती आलीय. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएसमध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितलं, की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० आधीच्या पिढीतल्या ४०९० इतकी कामगिरी देईल. टाळ्या पडल्या! पण ती बरोबरी फ्रेम जनरेशनच्या जोरावर होती. यात कार्ड दोन खऱ्या चित्रांच्या मधली चित्रं अंदाजाने भरतं. डोळ्याला गुळगुळीत वाटतं, पण माउस हलवल्यावर गेम जास्त चपळपणे ऐकत नाही. मधलं चित्र भरायला पुढचं खरं चित्र रोखून धरावं लागतं, त्यामुळे उलट थोडा उशीरच होतो. मुळात ५०-६० फ्रेम मिळत असतील तर ही सोय छान. ३० फ्रेमवर रडणाऱ्या गेमला ती हसवू शकत नाही. म्हणून हिशेबात फ्रेम धरायच्या त्या फ्रेम जनरेशन बंद ठेवून मोजलेल्याच.

अपस्केलिंगची गोष्ट वेगळी. चित्र कमी ठिपक्यांत काढायचं आणि हुशारीने मोठं करायचं. एनव्हिडियाचं डीएलएसएस, एएमडीचं एफएसआर, इंटेलचं एक्सईएसएस हे काम करतात. यात वेग खरोखर वाढतो आणि कंट्रोलही चपळ होतात. एएमडी घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. एफएसआर ४ मध्ये चित्र बरंच सुधारलं, आणि एएमडीने ते आणलं ते आरएक्स ९००० मालिकेसाठी.

बाकीचा पीसी काय म्हणतो?

कार्ड एकटं नांदत नाही. त्याला सासर लागतं!

इंटेलचं आर्क बी५८० घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये आलं, १२ जीबी मेमरी, २४९ डॉलर. कागदावर भन्नाट. पण त्याला मदरबोर्डात 'रिसाइजेबल बार' नावाची सोय सुरू लागते, नाहीतर वेग चांगलाच घसरतो. सोय असली तरी जुन्या, हळू प्रोसेसरबरोबर काही गेममध्ये ते मागे पडतं. म्हणजे सगळ्यात स्वस्त कार्ड, पण सगळ्यात स्वस्त पीसीसाठी नाही. नव्या पीसीत घालणार असाल तरच त्याच्या वाटेला जा.

मग एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या लोकल एसएमपीएसवर नवं कार्ड चालवणं म्हणजे पावसाळ्यात गुळगुळीत टायरवर घाट उतरणं. आरटीएक्स ५०६० ला १४५ वॉट लागतात, ९०६० एक्सटी १६ जीबीला १६०, ५०६० टीआयला १८०, बी५८० ला १९०. चांगल्या कंपनीचा एसएमपीएस घ्यावा लागत असेल तर ती रक्कमही भागाकाराच्या वर लिहा. आणि कॅबिनेटमध्ये जागा किती, ते पट्टीने मोजा. घरी आणल्यावर कळण्यात काय मजा?

दुकानात गेल्यावर

मुंबईकरांचं तीर्थक्षेत्र म्हणजे लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून त्या नावाने विचारणारा विरळाच. तिथे किंवा आणखी कुठे जाल, तेव्हा एवढं सांभाळा.

तीन पंखे, इंद्रधनुषी लायटिंग आणि 'ओसी' असं लिहिलेल्या मॉडेलला भुलू नका. आतली चिप तीच असते. कारखान्यातून वाढवून आलेला वेग दोन-चार टक्क्यांचा, किंमत मात्र भरपूर जास्त. त्याच पैशात कधी कधी वरच्या वर्गातलं साधं, दोन पंख्यांचं कार्ड येतं.

डॉलरच्या किमतीला थेट रुपयांनी गुणू नका. अमेरिकेतल्या जाहीर किमतीत तिथला सेल्स टॅक्स धरलेला नसतो आणि आपल्याकडे १८ टक्के जीएसटी लागतो. "मावसभाऊ येतोय, त्याला आणायला सांगतो" हा प्लॅन करण्याआधी त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का, ते विचारा. बिलाशिवाय स्वस्त देणाऱ्याला नमस्कार करून पुढे व्हा. बिलावर सिरियल नंबर हवा म्हणजे हवाच.

सेकंडहँड घेण्यात गैर काही नाही, फक्त डोळे उघडे ठेवा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांवरचं मायनिंग थांबलं आणि राबवून घेतलेली ढीगभर कार्डं बाजारात आली. त्यातली काही अजून फिरतायत. कार्ड चालू पीसीत लावून अर्धा तास गेम किंवा टेस्ट चालवायला सांगा. तापमान बघा, पंख्याचा आवाज ऐका. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली बनावट कार्डं ते बऱ्याचदा पकडतं.

आणि फार जुन्याच्या प्रेमात पडू नका. २०१७ चं जीटीएक्स १०८० टीआय एकेकाळचा राजा, मेमरीसुद्धा ११ जीबी. पण 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' (२०२४) आणि 'डूम : द डार्क एजेस' (२०२५) या गेमना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतंच, आणि ते त्यात नाही. त्या पिढीला नव्या गेमसाठीचे नियमित ड्रायव्हर देणंही एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं. राजा खरा, पण पेन्शनीत गेलेला!

बरं, मग घ्यायचं काय?

फक्त व्हॅलोरंट-काउंटर स्ट्राइक : मोठं कार्ड नकोच. एखादं सुस्थितीतलं सेकंडहँड बघा आणि उरलेले पैसे जास्त हर्ट्झच्या मॉनिटरला लावा.

१०८०पी, सगळे गेम, नवा पीसी : आर्क बी५८०, पण बाकीच्यांपेक्षा ठळक स्वस्त मिळत असेल तरच. नाहीतर ९०६० एक्सटी १६ जीबी.

१४४०पी : ९०६० एक्सटी १६ जीबी हा हिशेबाला सरळ पर्याय. त्याच पीसीवर ब्लेंडर, व्हिडिओ एडिटिंग किंवा एआयचे प्रयोग करत असाल तर ५०६० टीआय १६ जीबी. कूडावर चालणारी बरीच सॉफ्टवेअर्स एनव्हिडियाशीच जास्त गोडीने वागतात.

फोर-के : इथे पैसा वसूल हा शब्द विसरा. हौस म्हणून खुशाल घ्या, पण हौस म्हणूनच घ्या.

एक सूचना. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी चिप्स ओढून घेतल्या आणि मेमरीचे भाव चढले. त्यामुळे वरचे डॉलर हे लाँचच्या वेळचे समजा. ज्या दिवशी घेणार, त्या दिवशीचा भाव घेऊन भागाकार नव्याने करा. १६ जीबीसाठी ८ जीबीपेक्षा किती जास्त मागतायत, ते तर आवर्जून बघा. हट्टाला पेटायचं कारण नाही. फरक फारच फुगला असेल तर थोडं थांबण्यातही शहाणपण आहे.

आणि थांबायचंच असेल तर एक फुकटचं कार्ड तुमच्याकडे आधीपासून आहे. गेमच्या सेटिंग्जमध्ये जा, 'अल्ट्रा'वरून 'हाय'वर या. बऱ्याच गेममध्ये फ्रेम घसघशीत वाढतात आणि फरक शोधायला भिंग लागतं. आठवडाभर तसं खेळून बघा. तरीही नवं कार्ड हवंसं वाटलं, तर पेन घ्या, कागद घ्या आणि मगच लॅमिंग्टन रोडची लोकल पकडा. हॅपी गेमिंग!